काळा, शून्य शून्य नऊ

माझ्या मावशीने स्वयंपाकात मीठ घालणं सोडलं, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

पातेलं शेगडीवर चढवायची, ढवळायची, झाकण ठेवायची, सगळं नेहमीसारखं. आणि मग मिठाची बरणी माझ्याकडे सरकवून म्हणायची, "ठिणगे, मीठ तू घाल. माझा अंदाज गेलाय." मी घालायचे. ते कधी अळणी व्हायचं, कधी खारट, आणि माझी आई मुकाट्याने गिळायची. ठिणगी हे माझं घरातलं नाव. माझं डोकं कधी भडकेल याचा नेम नाही, म्हणून मावशीनेच ते ठेवलं, आणि ते मला शोभत नाही असं अजून तरी कोणी म्हटलेलं नाही.

अंदाज गेला, हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण मावशी आयुष्यभर अंदाजावरच जगली. ती लोकर रंगवायच्या कारखान्यात रंग जुळवते. कोणी जुन्या गालिच्याचा झिजलेला कोपरा घेऊन येतं, कोणी फाटलेल्या स्वेटरचा धागा, आणि म्हणतं की हाच रंग हवा. मावशी तो तुकडा उत्तरेच्या खिडकीशी धरते, डोळे बारीक करते, आणि सांगून टाकते: पिवळा इतका, निळा इतका, काळा इतका. त्या मापाने रंग हौदात पडतो, लोकर बुडते, वाळते, आणि जुन्या धाग्याशेजारी ठेवली की नवी कुठली ते तिच्या मालकालाही ओळखता येत नाही.

कारखान्यात दोन नियम फार जुने, मालकीणबाईंच्या वडिलांनी घालून दिलेले. पहिला असा की रंग जुळवणाऱ्याने हौदाकडे फिरकायचं नाही. ओल्या रंगाचा भडकपणा डोळ्यांत भरला की फिकट छटा दिसेनाशा होतात. दुसरा, माप नेहमी तीन आकडी सांगायचं. सात म्हणायचं नाही, शून्य शून्य सात म्हणायचं. हौदाच्या खोलीत वाफ आणि खडखडाट, तिथे एखादा आकडा ऐकण्यात गळला तर तीनाऐवजी दोनच राहिले हे लगेच कळावं म्हणून. मावशीला या शून्यांची इतकी सवय की घरी पाहुणे किती येणार असं विचारलं तरी ती "शून्य शून्य चार" म्हणायची.

पूर्वी ती खिडकीतून ओरडून सांगायची आणि हौदावरचे दादा पाटीवर लिहून घ्यायचे. मग कारखान्यात मालकीणबाईंचे जावई आले. सगळे त्यांना जावईबापूच म्हणतात. माणूस सज्जन, भांग कायम चापूनचोपून पाडलेला, आणि हात लागेल तिथे सुधारणा करायची हौस. त्यांनी संगणक आणला, स्वतः एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने पाळायच्या हुकमांची छोटी यादी, लिहिली, आणि हौदाच्या खोलीत छपाईयंत्र बसवलं. आता मावशी फोनवर आकडे सांगणार, जावईबापू ते आपल्या खोलीत टाइप करणार, आणि पलीकडे दादांच्या हातात थेट छापील पट्टी पडणार. पहिल्या दिवशी गडद निळा काढून बघितला, सगळी मापं शंभराच्या वरची. रंग अगदी हुबेहूब आला. जावईबापूंना टाळ्या मिळाल्या.

गडद रंग तेव्हापासून ठीकच येत होते. फिकट रंगांनी मात्र मावशीचा छळ मांडला. वाळलेली लडी तिच्यापुढे आली की ती म्हणायची, "हा मी सांगितलेला रंग नाही." जावईबापू हौदावरून पट्टी आणून नम्रपणे तिच्यापुढे ठेवायचे. पट्टीवर तेच माप असायचं जे दादांनी घातलं होतं. एकदा तिने करड्यात काळा सातावरून नवावर नेला, तर लडी आधीपेक्षा उजळ निघाली. काळा वाढवला आणि रंग उजळला! पट्टीवर काळा होता शून्य.

"मी शून्य म्हणाले का हो?" तिने जावईबापूंना विचारलं.

"मी ऐकलं तेच टाकलं असणार, मावशी," ते म्हणाले. वाईट हेतूने म्हणाले नाहीत. पण घरी येऊन मावशी मला म्हणाली, "ठिणगे, मनात नऊ असतं आणि तोंडातून शून्य निघतं. आणि निघालेलं मलाच कळत नाही. असं कधी होतं, माहीत आहे ना तुला?" मला माहीत होतं. आमच्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं, आधी शब्द चुकायला लागले, मग माणसं.

मावशीने त्यानंतर स्वतःवर पहारा बसवला. रस्ता ओलांडताना माझा हात धरायची. आईला तीच गोष्ट दोनदा सांगितली का, असं विचारायची. आणि मग एक दिवस तिने मालकीणबाईंना सांगून टाकलं की हातातलं काम संपलं की खिडकीजवळची खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. मालकीणबाई रडल्या म्हणे, पण नाही म्हणाल्या नाहीत. माझा मात्र पापड मोडला. कोणावर चिडायचं ते कळेना, म्हणून मी सगळ्यांवर चिडले.

शेवटच्या दिवशी तिचं सामान आणायला मी तिच्याबरोबर गेले. सामान ते काय, एक भिंग, एक उशी आणि धाग्यांच्या नमुन्यांनी भरलेला डबा. मी एका इस्पितळात संगणकांची देखभाल करते, त्या दिवशी मुद्दाम रजा काढली. मावशी खिडकीपाशी एक तुकडा धरून बसली होती. संग्रहालयातल्या जुन्या गालिच्याचा कोपरा कुरतडला गेला होता, त्यासाठी लोकर हवी होती. राखाडी रंग, त्यात हिरव्याचा किंचित भास. संग्रहालयाच्या बाई बाहेर बाकावर ताटकळत होत्या. या रंगाचे दोन प्रयत्न आधीच फसले होते.

"हा एवढा काढते आणि सुटते," मावशी म्हणाली. तिने फोन उचलला आणि एकेक अक्षर तोडून, लहान मुलाला शिकवावं तसं, सांगितलं. "पिवळा, शून्य एक आठ. निळा, शून्य चार शून्य. काळा, शून्य शून्य नऊ."

मी शेजारीच उशी पिशवीत कोंबत होते. नऊ मी या कानांनी ऐकलं.

तिचा जुना एप्रन दादांनी वापरायला नेला होता, तो हौदाच्या खोलीत खुंटीला होता. नियमामुळे तिला तिकडे जाता येत नव्हतं, म्हणून मी गेले. आत वाफ इतकी की दादा आधी ऐकू आले, मग दिसले. ते पट्टी बघून मान हलवत होते.

"मावशींनी काळ्याशी कट्टी घेतलीय बघा," ते म्हणाले. "आजही शून्य."

"काय शून्य?"

"काळा. शून्य शून्य शून्य. निळा बत्तीस, पिवळा एक. एक थेंब पिवळा घालून काय उजेड पडणार, देव जाणे. पण पट्टीवर आहे ते मी घालतो."

माझं डोकं सणकलं. खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला नाचावंसंही वाटलं. मावशीच्या तोंडातून नऊ निघालं होतं. मी ऐकलं होतं. तिचं डोकं शाबूत होतं, आणि चूक दुसऱ्या कोणाची तरी होती, आणि तो जो कोणी होता त्याची आता धडगत नव्हती.

"दादा, हात लावू नका कशाला!" असं ओरडून मी ती पट्टी घेऊन धावले, ते थेट जावईबापूंच्या खोलीत.

"तुम्ही काय टाइप केलंत?"

ते दचकले. "कशाबद्दल, ताई?"

"आत्ता. काळा."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. आपण निर्दोष आहोत याची खात्री असलेल्या माणसासारखा, अगदी सावकाश. स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं: शून्य एक आठ, शून्य चार शून्य, शून्य शून्य नऊ. मी शेजारी पट्टी ठेवली. एक, बत्तीस, शून्य.

जावईबापूंचा चेहरा त्यांच्या भांगाइतकाच सरळ झाला. "छपाईयंत्र बिघडलं असेल," ते पुटपुटले.

"छपाईयंत्राला चाळिसाचे बत्तीस करण्याइतकी अक्कल असते होय? उठा."

ते उठले. मी बसले. तोवर आरडाओरडा ऐकून मावशी दारात आली होती, पाठोपाठ मालकीणबाई, आणि वाफेने लालबुंद झालेले दादा. मी कोणाकडे बघितलं नाही. अशा वेळी माझा राग फार कामाचा असतो. तो बोटांत उतरतो आणि डोकं थंड पडतं.

आधी छपाईयंत्र वगळलं. आकडा कागदावर न पाठवता स्क्रीनवरच छापायला सांगितला. नऊ टाकले, शून्य आलं. म्हणजे कागदाचा आणि शाईचा दोष नव्हता, दोष स्क्रिप्टमध्येच होता. मग एकापासून एकेक आकडा टाकत गेले, तीन आकडी, कारखान्याच्या पद्धतीने. एक ते सात, बरोबर. आठ, शून्य. नऊ, शून्य. दहा टाकले, आठ आले. अकरा टाकले, नऊ आले. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"शंभर टाक," ती म्हणाली.

शंभराचे शंभर आले. दोनशे चाळिसाचे दोनशे चाळीस.

"आता पुढची शून्यं काढून नऊ टाक. नुसते नऊ."

नऊचे नऊ आले.

मी स्क्रिप्ट उघडली. छोटीशीच होती. आकडे घ्यायचे आणि एका ओळीने ते तीन रकान्यांत नीट बसवून छापायचे, एवढंच तिचं काम. ती ओळ तशी बरोबर होती. पण तिच्या शेवटी एक लहानसं शेपूट जोडलेलं होतं, आणि त्या शेपटाचा अर्थ असा की छापताना संगणकाची काही तक्रार आली तर ती कोणाला न दाखवता टाकून द्यायची.

"जावईबापू, हे शेपूट कशाला?"

"ते होय? अहो, स्क्रीनवर मधूनमधून काहीतरी किरकिर यायची. फार वाईट दिसायचं. मग मी ती बंद केली."

"किरकिर काय होती ते वाचलंत?"

"छापून तर येत होतं ना," ते म्हणाले, पण आवाज खोल गेला होता.

मी शेपूट खोडलं आणि पुन्हा नऊ टाकले. यंत्राने इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदाचं बोलून टाकलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्यांना कळेल अशा शब्दांत: शून्य शून्य नऊ हा आकडा आठाच्या मोजणीत बसत नाही.

आणि मला हसू फुटलं. इतकं की खुर्ची मागे सरकली. मालकीणबाईंना वाटलं, मावशीच्या पाठोपाठ आता भाचीही गेली.

"हात पुढे करा सगळ्यांनी," मी म्हटलं. "बोटं किती? दहा. आता अंगठे दुमडा. किती राहिली?"

"आठ," दादा म्हणाले.

"या संगणकात एक जुनी खोड आहे. आकडा शून्याने सुरू झाला की ते समजतं, समोरचा माणूस अंगठे दुमडून मोजतोय. अशा माणसाचं सातापर्यंत आपल्यासारखंच चालतं. आठावर त्याचे हात भरतात आणि तो तिथेच एकावर शून्य लिहितो. म्हणून आपण एकावर शून्य लिहिलं की ते आठ छापतं. चाळीस लिहिले की चार वेळा आठ, बत्तीस. आणि आठ, नऊ हे आकडे तर त्याने जन्मात पाहिलेले नाहीत. ते दिसले की आधीचं जेवढं कळलं तेवढं छापतं आणि तक्रार करतं. अठरातला एक कळला, एक छापला. शून्य शून्य नऊमधलं काय कळलं? शून्य."

"म्हणून शंभरावर सगळं ठीक," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "तिथे पुढे शून्यच नसतं."

"जगात बाकी कोणी नऊला शून्य शून्य नऊ म्हणत नाही हो. ते आपणच. आणि यंत्र बोंबलत होतं, पण त्याच्या तोंडात बोळा कोंबलेला."

मावशी अजून अंगठे दुमडूनच उभी होती. दोन्ही हात छातीशी, बोटं ताठ. "मी काळा सातावरून नवावर नेला होता," ती म्हणाली.

"तेव्हा यंत्राने तो सातावरून शून्यावर आणला."

"म्हणून उजळला."

"म्हणून उजळला, मावशी."

"म्हणजे मी नऊच म्हणत होते."

"नऊच म्हणत होतीस. प्रत्येक वेळी."

ती मटकन जावईबापूंच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि रडायला लागली, तोंडावर पदर न घेता, सगळ्यांसमोर. मीही रडले. मला रडणं आवडत नाही, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. जावईबापू बिचारे आपल्याच खोलीत परक्यासारखे भिंतीला चिकटून उभे होते. "मावशी, माझं फार चुकलं," ते म्हणाले, आणि त्यांचेही डोळे भरलेले होते.

मावशीने नाक पुसलं. "जावई आहात म्हणून वाचलात," ती म्हणाली. "मुलगा असता तर कान उपटला असता."

दुरुस्ती म्हणाल तर चार अक्षरांची. आकड्याच्या आधी यंत्राला बजावून सांगायचं की बाबा, हे दहाच्या मोजणीत आहे, अंगठे धरून. ते लिहिलं, आणि एकापासून शंभरापर्यंत सगळे आकडे धडाधड छापून घेतले. आठ आले. नऊ आले. दहा आले. दादांनी प्रत्येक आकड्याला "आला!" म्हणून आरोळी ठोकली, मालकीणबाईही त्यात सामील झाल्या, आणि बाहेर बाकावरच्या संग्रहालयाच्या बाई आत डोकावून बघून गेल्या की इथे कसली सोडत निघते आहे.

मग मावशी उठली आणि म्हणाली, "चला, हौदाकडे."

"मावशी, नियम!" मालकीणबाई म्हणाल्या.

"एक दिवस बसू दे नियमाला घरी. मला माझे नऊ पडताना बघायचे आहेत."

ती वाफेत शिरली. दादांनी माप भरलं, काळा रंग हौदात सुटला, पाण्यात लांब दोरा पसरावा तसा पसरला, आणि दादांनी ढवळून तो सगळीकडे नेला. मावशी काठ धरून उभी होती. डोळे खराब होतील म्हणून मी तिला ओढत होते, ती हलेना.

लडी निघाली, पिळली, गरम हवेत वाळवली. मावशीने ती खिडकीशी नेली, गालिच्याच्या तुकड्याला लावली. संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, "अगदी तोच!" मालकीणबाई म्हणाल्या, "तोच!" जावईबापूंनी तर टाळी वाजवायला हातही उचलले.

"नाही," मावशी म्हणाली.

जावईबापूंचे हात तसेच हवेत राहिले.

"काळा एक जास्त झाला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका निवांत होता की मला क्षणभर कळलंच नाही की हीच बाई सकाळी रस्ता ओलांडताना माझ्या हाताला घट्ट धरून चालली होती. तिने फोन उचलला. जावईबापू धावत आपल्या खोलीत गेले आणि पलीकडून त्यांचा आवाज आला, "बोला, मावशी."

"काळा, शून्य शून्य आठ."

"शून्य शून्य आठ," जावईबापूंनी परत म्हटलं. आणि लांबून, हौदाच्या खोलीतून, दादांची आरोळी आली, "आठ आले हो, आठ!"

दुसरी लडी वाळून आली. मावशीने तिची एक छोटी बट तुकड्यातून सुटलेल्या बटेशेजारी ठेवली, मग डोळे मिटून दोन्ही हातांनी सरमिसळ केली, आणि मला म्हणाली, "सांग, जुनी कुठली?" मी एक उचलली. ती नवी निघाली. संग्रहालयाच्या बाईंनी उचलली, तीही नवीच. त्या इतक्या खूश झाल्या की मावशीचे हात सोडेनात. मावशी हसत होती, मोठ्याने, पूर्वीसारखी, आणि मला कारखान्याच्या छपरावर चढून ओरडावंसं वाटत होतं.

मालकीणबाईंनी माझ्या पिशवीतून उशी काढली आणि स्वतःच्या हातांनी खुर्चीवर परत ठेवली. भिंग मावशीने माझ्याकडून हिसकावून घेतलं. जावईबापूंनी विचारलं, आता पुढची शून्यं बंद करायची का, म्हणजे पुन्हा असा घोळ नको. मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं की ते स्वतःच म्हणाले, "नाही नाही, राहू दे, राहू दे." मात्र यंत्राची किरकिर आता स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दिसेल अशी व्यवस्था त्यांनी त्याच दिवशी केली, आणि ती आली तर आधी वाचायची, असं मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

घरी येताना मावशी माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. रस्ता तिने एकटीने ओलांडला, आणि पलीकडे उभी राहून मलाच "बघून ये गं" म्हणाली.

संध्याकाळी तिने पातेलं चढवलं. आई ताटं घेत होती आणि मी तिला अंगठे दुमडून सगळी हकिगत सांगत होते, तिसऱ्यांदा, कारण मला थांबवतच नव्हतं. बोलता बोलता सवयीने मी मिठाच्या बरणीकडे हात नेला. बरणी जागेवर नव्हती.

मावशीच्या हातात होती. तिने झाकण काढलं, चिमूट भरली, पातेल्यावर हात फिरवला आणि बरणी बंद करून टाकली.

"चाखून तरी बघ," आई म्हणाली.

"चाखायचं कशाला?" मावशी म्हणाली. "वाढ तू."

आईने वाढलं. आम्ही जेवलो, आणि बऱ्याच दिवसांनी आईने दुसऱ्यांदा मागून घेतलं.